व्हर्जिनियाचा खण

कमते सरांनी अमेरिका पाहिली नाही.
व्हिसाची मुलाखत मद्रासला होती,
त्याच सकाळी बंद पुकारलेला, रस्त्यात टायर पेटलेले,
संकेश्वरच्या पुढं गाडीच गेली नाही.
सर भडंगाचा पुडा घेऊन परत आले
आणि निपाणीच्या कॉलेजात, तिसऱ्या तासाला,
सतराशे सत्त्याऐंशीचा उन्हाळा शिकवत राहिले.

फिलाडेल्फियातलं ते सभागृह,
माश्या, लोकरी कोट, घाम.
"आतलं बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या बंद ठेवल्या,"
असं म्हणत सर आमच्या वर्गाच्या उघडायचे.
वखारीकडून तंबाखूचा खकाणा यायचा,
पहिल्या बाकावरची पोरं शिंकायची.
मग ते फळ्यावर पाच रेघा ओढत,
दोन पुसत.
"गुलाम मोजताना माणूस एवढाच धरायचा ठरला. सह्या झाल्या."
पुढं काही बोलत नसत. हात झटकत.

एक नोव्हेंबरच्या आधी लोक घरी यायचे,
कधी हे, कधी ते:
सर, पुरावा द्या, गाव कुणाचं ते सांगा.
सर चहा पाजत आणि म्हणत,
"माझं अठराशेच्या पुढचं वाचन कच्चं आहे."
मला राग यायचा. भित्रा माणूस, वाटायचं.
अजूनही थोडं वाटतं.

त्यांची आई शेवंता वखारीत तंबाखू चाळायची.
पोरगा कशावर पुस्तक लिहितोय, तिनं विचारलं होतं.
"व्हर्जिनियाच्या तंबाखूवर, आई.
तिथं पाद्र्याचा पगारसुदा तंबाखूत देत."
पदरानं नाक पुसत ती म्हणाली,
"आणि चाळणाऱ्या बायास्नी रं?"
प्रबंध सहा वर्षं लांबला.

निवृत्तीनंतर कपाट मीच रिकामं केलं.
विड्यांच्या कोऱ्या लेबलांच्या पाठीवर
हजारो टिपणं, बारीक अक्षर,
इंग्रजी, मराठी, मध्येच कानडी आकडे.
व्हर्जिनियाच्या खणात, जहाजांच्या याद्यांमागं,
एक वेगळंच लेबल:

शेवंता बंडाप्पा कमते. चाळण.
रोज दीड रुपया.
खोकला, सन सदुसष्टपासून.
संदर्भ: तोंडी.
पडताळणी बाकी.