सर्वांत उंच जागा

पुनर्वसनातल्या शाळेत नकाशा टांगू गेलो
तर खिळा ठरेना. भिंत नवी, नुसती रेती.
मालदीव कुठे ते बोट ठेवून दाखवलं
आणि बोटाखाली अख्खा देश झाकला.

बाराशेच्या आसपास बेटं. राजधानी माले.
भाषा दिवेही.
"धिवरायची का, सर?" पौर्णिमा मारबते.
वर्ग हसला. तिचा बाप गोसेच्या पाण्यात जाळं टाकतो,
जिथं आधी आमची बोळी होती.

मासळी, नारळ. पूर्वी तिथल्या कवड्या
जहाजं भरून इकडे यायच्या, पैसा म्हणून.
पोळ्याला बैलाच्या गळ्यात असते ना, तशीच कवडी.

नदी? एकही नाही. डोंगर?
सर्वांत उंच जागा अडीच मीटरही नाही.
दाराच्या चौकटीवर वीतभर
मी खडूने रेघ मारली.

समुद्र चढतो आहे, म्हटलं.
मागून प्रणय वलथरे उठला:
"मंग त्यायले नोटीस आली का?
प्लॉट कोठी भेटला?"

पुस्तकात तेवढं नव्हतं.

घंटा झाली.
पोरं दारातून जाताना
एकेक उडी मारून
रेघेला हात लावत गेली.