पान्हा

गंगावेशीतल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात
तीन वाजता लाईट आली
आणि लाईटच्या मागोमाग बळवंत शियेकर.
एका हातात रिकामी चरवी,
दुसऱ्या हातात काच तडकलेला फोन.
"ताई, उधारीची वही काजळीनं खाल्ली.
पुठ्ठ्यासकट.
पानांचे फोटू हायत ह्यात, पण हा सारखा अडकतोय.
सर्व्हिस सेंटरवाला म्हणतोय, सगळं पुसायला लागंल.
पुसलं तर निम्मी पेठ हसंल की मला.
निम्मी म्हंजे, उधारीवाली."

माझ्या कॉम्प्युटरवर विकतची सिस्टीम नाही.
आधीची होती चोरीची, ती एका गणपतीत
व्हायरसनं विसर्जन झाली.
तेव्हापासून ही, उघडी, फुकटची:
हिचं पोट कुणीही उघडून बघावं
आणि दुखलं तर औषधही आपणच शोधावं.

केबल लावली.
फोनवर विजेचं चिन्ह आलं. बस्स.
कॉम्प्युटर शेजाऱ्यासारखा ढिम्म.
केबल बघितली: चौकातल्या गाड्यावरची, चाळीस रुपयांची,
आत चारऐवजी दोनच तारा असणार.
वीज जाते, बोलणं जात नाही.
(अशी माणसंही असतात,
पण शियेकरला पाचला धार काढायची होती.)

माझी केबल लावली.
काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली:
नवं उपकरण, क्रमांक सात.
काढून लावली: आठ.
फुंकर मारून लावली: नऊ.
दर वेळी फोन नवा,
जसा जन्मात पहिल्यांदाच ह्या दारात आलेला.
आल्याचं कळतंय, कोण आलंय ते कळत नाही.
फाईली मागितल्या तर उत्तर एकच,
परवानगी नाही.

शियेकर स्टूल ओढून बसला.
"पान्हा चोरतोय ह्यो," म्हणाला.
"काजळी बी असंच करती.
नवखा हात लागला की सड आखडून उभी.
दूध असतंय, पर देत न्हाई.
मारून उपयोग न्हाई, ताई. नाव घ्यायचं आणि थोपटायचं."

आता नाव घ्यायचं म्हणजे
चार अक्षरं, दोन टिंबं, पुन्हा चार अक्षरं,
कारखान्यानं कपाळावर गोंदलेला आकडा.
तो मी कागदावर उतरवला,
मग एक नियम लिहिला एका ओळीचा:
असा असा कुणी आला तर तो आपला,
त्याला आत घ्यावं, आमच्या गटात बसवावं.
अशा फाईलीच्या नावाआधी एक्कावन्न आकडा असतो.
"आहेर हाय म्हणा की," शियेकर म्हणाला.

पहिल्यांदा स्वल्पविराम चुकला.
दुसऱ्यांदा मीच जतन करायला विसरले.
तिसऱ्यांदा सगळं बरोबर होतं
तरी फोन गप्प.
सव्वाचार.
बाहेर कुणीतरी आधार कार्डाच्या चार प्रती मागत होतं,
त्याला म्हटलं, थांबा.

मग शियेकरनंच विचारलं,
"ह्याच्यावर कायतरी लिवून आलंय, बघू का?"
तडकलेल्या काचेखाली, कधीपासून कुणास ठाऊक,
फोन विचारत होता:
ह्या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का?
म्हणजे आम्ही त्याला ओळखत बसलो होतो
आणि तो आम्हाला.
शियेकरनं अंगठा धोतराला पुसला,
काचेच्या धडक्या कोपऱ्यात हलकेच दाबला.

सुटला.
एकदम नाही, आधी दोन फोल्डर,
मग धारेसारखे फोटो: काजळी, काजळीची शिंगं,
दिवाळीला रंगवलेली काजळी, कुणाचं तरी बारसं,
आणि मग पानं. निळ्या बॉलपेनची, शेणाचा ठसा असलेली.
एक एक मोठं करून बघू लागलो.
पान सतरावर, मधोमध:
"झेरॉक्सवाल्या ताई, रोज अर्धा लिटर,
आषाढापासून बाकी."

पंखा फिरत होता.
शियेकर चरवीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.
"हे पान छापू?" मी विचारलं.
"छापा की," तो म्हणाला.
"दोन प्रती काढा."