चिंधी

आदेश एका पानाचा आहे.
पुढच्या दहा उड्डाण-तासांच्या आत
शेपटीकडे जाणाऱ्या केबल्स तपासा,
नाहीतर विमान जमिनीवर.
कारण दोन ओळींत:
दक्षिण बेटावर, कुणाच्या तरी विमानात,
एक केबल तुटली.
माणसाचं पुढे काय झालं ते कागदावर नाही.

अलेस्टर हँगरच्या दारात बूट आपटत उभा.
आठ दिवस वायव्येचा वारा टेकड्या सोलत होता,
आज पहाटे पडला.
वैरोआच्या वर तीन धावपट्ट्यांवर खताचे ढीग थांबलेत,
मेंढ्यावाल्यांचे फोनवर फोन.
"रेविन, गेल्याच वर्षी पाहिली होतीस ना?"
पाहिली होती.
गेल्या वर्षी माझे गुडघेही बरे होते.

मी सीटमागची फळी काढते आणि आत शिरते,
आधी खांदे, मग कमर.
आत खत. सगळीकडे खत.
वीस वर्षं हे विमान डोंगरांवर सुपरफॉस्फेट पेरतं
आणि मूठभर आपल्या पोटात ठेवून घेतं,
राखाडी, दमट, बोटांना चरचरणारं.
गवत वाढवणारी भुकटी
पोलाद मात्र खाते.

टॉर्च दातांत. पण डोळ्यांचा इथे भरवसा नाही,
उजेडात प्रत्येक केबल शहाणी दिसते.
म्हातारा तामाती म्हणायचा, चिंधी घे,
धुऊन धुऊन विरलेली.
नवं कापड खोटं बोलतं.
माझी चिंधी आईच्या फ्लॅनेलच्या गाउनची.
गुलाबी होता. बटणं अजून डब्यात आहेत,
कशाला ठेवलीत, माहीत नाही.

सात पेड, प्रत्येकात एकोणीस तारा.
एकशे तेहेतीस.
चिंधी मुठीत धरून मी सरकत जाते,
एक वीत, आणखी एक वीत,
काही नाही, काही नाही,
आणि काही नाही म्हणताना हात घाई करू लागतो,
तेव्हा त्याला मागे आणायचं,
पुन्हा पहिल्या वितीपासून.

"झालं का?"
"काठी पुढे ढकल," मी आतून ओरडते.
तो ढकलतो.
कप्पीच्या खाचेत दडलेला केबलचा तुकडा
हळूच माझ्यासमोर येतो.
त्याच्याच हातानं येतो.

चिंधी अडते.
झोपेत कुणी बाही धरावी, इतकीच.

मी ओढत नाही. चिंधी सोडवते,
एक गुलाबी धागा तिथेच राहतो.
ताण सैल करून केबल वाकवते
तर तुटक्या तारा उभ्या राहतात,
तीन, पाच, नऊ,
मग मी मोजणं थांबवते.
आदेशात एवढ्या मोजायची गरजही नाही.

अलेस्टर वाकून बघतो.
"सुतावरून स्वर्ग गाठतेस तू."
"तू रोज सकाळी तेच करतोस," मी म्हणते,
"आज सूत तुटकं आहे एवढंच."
तो हसत नाही. अंगठा फिरवतो केबलवरून,
रक्ताचा थेंब येतो,
तो पुसायचं विसरून तसाच बाहेर जातो
आणि एकेका मेंढ्यावाल्याला सांगतो: आज नाही.
का, ते सांगत नाही.
बाहेर आभाळ इतकं निवांत
की कुणालाही राग यावा.

नोंदवहीत मी लिहिते:
वरची केबल, कप्पीजवळ झीज, तारा तुटलेल्या, बदलावी.
आठ-नऊ शब्द. वेळ, सही, परवाना क्रमांक.
नवी केबल उद्या संध्याकाळच्या बसनं येईल.

"आणि ही?" तो परत येऊन विचारतो,
जुनी केबल कोपरावर गुंडाळत,
दोर गुंडाळतात तशी.
"फाटकाला बांध. अजून वीस वर्षं जाईल.
मेंढ्या काही शंभर फुटांवरून पडत नाहीत."

आता तो हसतो, थोडा उशिरा,
अंगठा तोंडात धरून.
मी चिंधी झटकते, उलटी करते,
पुन्हा आत शिरते.

खालची केबल बाकी आहे.