गुरुवारची गाडी

पतपेढीने विकायला काढलेली ही ओम्नी
आम्ही सहा जणांनी घेतली.
मागचं दार आतून उघडत नाही.
मी उतरून, वळसा घालून उघडतो,
मग वरातीतून आल्यासारख्या
खतीजाबी पाय खाली ठेवतात.

एस.टी. वरच्या सड्यावरून निघून जाते.
सड्यापर्यंत एकशे बारा पायऱ्या जांभ्याच्या,
आणि पायऱ्यांना गुडघ्यांचं काय.

वहीत तीन रकाने : नाव, वाडी, कारण.
खतीजाबी काझी, मोहल्ला, साखर.
भागीरथी कुबल, गाबीतवाडा, मोतीबिंदू.
येसू मेस्त्री, बंदराकडची वाडी,
पुढे मोकळं.

"तात्यानू, तुमचा कारण काय लिवू?"
"लिव कायव."
डॉक्टरांनी त्यांना सहा महिन्यांनी बोलावलंय.
ते दर गुरुवारी येतात, इस्त्रीचा सदरा घालून,
खाडीच्या पुलावर काच खाली करतात
आणि कालवं काढणाऱ्या बायका मोजतात.
शेवटी मी लिहिलं : खिडकी.

भाडं नाही. तरी सीटखाली
कधी सोलांची पुडी, कधी वालाच्या शेंगा,
एकदा जिवंत कुर्ल्या,
कणकवलीपर्यंत सगळे पाय वर घेऊन.

परवा वळणावर समोरून डंपर आला
आणि मला दोन दिसले.
कोणी काही बोललं नाही.
भागीरथीकाकींनी खांद्यावर हात ठेवला फक्त,
तिठा येईपर्यंत काढला नाही.

येत्या गुरुवारी स्टिअरिंगवर घाडींची शर्वरी.
वही उघडून मी माझंच नाव घातलं :
डावा डोळा.
तात्या वाकून वाचत होते.
"मागे बस. पण खिडकी माजी हां."