दहावं पातं

योरिनने ती बटाट्याच्या खोक्यातून आणली,
जुन्या टॉवेलात गुंडाळून,
आजारी मांजर आणावं तशी.
"बाबांची. अर्धवट राहिलेली."
मास्लाउसमध्ये टगबोट कुणाला ओळखायला शिकवावी लागत नाही,
तरी हिचा शेंडा-बुडखा कळेना.

लांबी एक्याण्णव सेंटिमीटर. करडा प्रायमर.
नाव नाही, आराखडा नाही.
मागे सुकाणू नाही, दांड्याला भोक नाही,
आणि तळाला, पुढच्या अंगाला, दोन गोल खिंडारं
कपाच्या तोंडाएवढी.
क्लबातल्यांनी माना हलवल्या:
लुबर्टने भोकं भलत्याच जागी पाडली,
मग जीव विटला असेल.
मी काही बोललो नाही.
चाळीस वर्षं कवळ्या केल्यात मी.
लोकांच्या तोंडातली चूक
बऱ्याचदा चूक नसते, सवय असते.

"उलटी करून मांडीवर द्या," म्हातारा कोर्स्टियान म्हणाला.
डोळे गेलेत त्याचे, बोटं आहेत.
मागच्या जाड उभ्या परावरून त्याने हात फिरवला,
मग त्या खिंडारांच्या कडांवरून, हळू.
"चूक कसली? हिचे पाय पुढेच असतात.
ही ढकलत नाही रे, ओढते.
तबकडीत उभी पाती, केक घुसळायच्या यंत्रासारखी.
तबकडी फिरत राहते, आणि प्रत्येक पातं
आपली पाळी आली की जरासं वळतं.
सुकाणू हवंच कशाला?
जायचं तिकडे मधला खुंटा बोटभर सरकवायचा."
मग त्याने कॉफी मागितली.

खोक्याच्या तळाशी, लोकरी मोज्यात बांधलेल्या,
दोन पितळी तबकड्या.
एकीला पाच पाती. दुसरीला चार.

इथे माझा धंदा कामी आला.
शेजारच्या पात्याचा ठसा घेतला गुलाबी लगद्यात,
मेणाचं पातं केलं, प्लास्टरमध्ये पुरलं,
मेण जाळलं, रिकाम्या जागेत धातू ओतला.
दाढेचीच कृती,
फक्त जीभ लावून बघायला कुणी नव्हतं.
आणि हाताच्या सवयीने घासून चकचकीत केलं,
तोंडात खरखरीत चालत नाही.
बसवल्यावर दिसलं:
लुबर्टच्या नऊही पात्यांना
टोकाशी डावीकडे कानशीचा एक चुकार ओरखडा.
हात थकला की तो तसाच वळत असणार.
माझ्या पात्याला तो होता,
मीच पुसला होता.
कानस घेतली. जमेना. थकलेलो नव्हतो.
रात्री साडेअकराला जमला.

डेकच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने:
"८६ मिमी. ब्रेड, बल्ब, व्हिनेगर."
योरिनने तीनदा वाचलं.
"व्हिनेगर? आमच्याकडे कुणी खात नव्हतं."
पितळ साफ करायला, मी म्हणालो.
ती "हं" म्हणाली,
बोट तसंच त्या शब्दावर.

या घाटाच्या तीनच बोटी, असं कोर्स्टियानचं म्हणणं.
लुबर्टने पुठ्ठ्याच्या केबिनला
डावीकडे तीन वाटोळ्या खिडक्या कापलेल्या,
म्हणजे थोरली बाद.
उरल्या दोन, एका साच्यातल्या.
एकीवर तो इंजिन सांभाळत होता,
दुसरीवर त्याचा भाऊ,
ज्याच्याशी तो बोलत नसे.
रंगाचा डबा उघडा, ब्रश ओला,
आणि योरिन नुसती बघत राहिली.
बारसं राहिलं ते राहिलंच.

एप्रिलमध्ये, पोहण्याच्या तलावामागच्या कालव्यात
तिला पाण्यात सोडली.
मी रिमोटची काठी पुढे केली.
ती आडवी गेली, खेकड्यासारखी,
तार मी उलटी जोडली होती.
बाकावरून कोर्स्टियान कान देऊन ऐकत होता.
"आवाज बरोबर आहे. कुठे निघालीय?"
"बदकाकडे," योरिन म्हणाली.