खड्डा

सुरुवात कुठून झाली विचारशील तर
एका खड्ड्यापासून.
माझ्या भावानं, वुंकीनं, खणलेला.
लोगोन ओसरताना मासे मागे राहावेत म्हणून
आम्ही मुसगुम पिढ्यान्‌पिढ्या खणतो, गुडघाभर.
त्या वर्षी त्याला पुरुषभर खाली जावं लागलं.

नदी पूर्वी कुरणात मुक्कामाला यायची,
दोन-दोन महिने हलायची नाही.
आता उंबऱ्यावरूनच परत फिरते.

रात्री त्यात आलखालीची गाय पडली.
गाभण होती.
सकाळी बारा जणांनी दोर लावून ओढली,
त्यात पाच आमचे होते,
हे आता कोणी सांगत नाही.

आलखाली म्हणाला, गाय भरून दे, नाहीतर खड्डा भर.
वुंकी म्हणाला, गुरांची वाट पलीकडून आहे.
होती पलीकडून. पाणी पलीकडे होतं तेव्हा.
दोघंही खरं बोलत होते.
एक जरी खोटं बोलला असता
तर मिटवता आलं असतं.

मग काठी. मग भाला.
मग मोटरसायकलवरून कुणीतरी आणलेली बंदूक.

खड्डा भरला शेवटी.
वुंकी त्यातच आहे.
यंदा नदी तिथवर आली का,
तिकडून कोणी आलं की विचारते.

शारीच्या या काठाला छावणी आहे.
नळ एक, रांगा दोन,
त्यांची नि आमची. कुणी आखल्या नाहीत.
कागदवाला साहेब येतो:
भांडण कशाचं? जातीचं? धर्माचं? जमिनीचं?
चौकटीत खूण करतो.
त्याचा दुभाष्या एकदा हळूच म्हणाला,
लांबच्या देशांत धूर होतो, म्हणून आपलं पाणी आटतं.
म्हटलं, मग त्या धुराचा मालक
कुठल्या रांगेत उभा आहे?

आलखालीच्या अश्ताला मी सुकी मासळी द्यायचे,
ती मला तुंबाभर दही.
तिचा एक तुंबा माझ्याकडे राहून गेला होता.
घर पेटलं तेव्हा हाताला तोच लागला.
पोराची वही नाही, जाळं नाही, तुंबा.

काल ती दिसली, त्यांच्या रांगेत.
तिनं तुंबा ओळखला.
काठाची चीर तिनंच शिवली होती, ताडाच्या दोऱ्यानं,
सात टाके, एक वाकडा.
आम्ही दोघी त्या वाकड्या टाक्याकडे बघत राहिलो.

तेवढ्यात नळ गेला.