कोरे हातोडे

आणंदहून वर्षातून दोनदा येतात इग्नासभाई,
एकदा होळीनंतर, एकदा नवरात्र संपून
गरब्याच्या स्पीकरांनी कानांना सुट्टी दिली की.
पियानोचं पुढचं फळकूट काढून भिंतीला टेकवतात
आणि आतला अंधार दाखवतात मला,
दाताच्या डॉक्टरने आरसा धरावा तसा.

मधली दोन सप्तकं: फेल्टला चर पडलेले,
एकेका हातोड्यावर तारांच्या तीन तीन रेघा.
आणि टोकांचे हातोडे पांढरेशुभ्र,
न्हाऊन ओळीत बसलेल्या सशांसारखे.
"आ बाजु तो कोई गयुं ज नथी, बेन."

अकरा वर्षं.
फतेहगंजच्या खुर्शीदबाईंनी विकताना
नवे फेल्ट घालून दिले होते.
म्हणजे हे खड्डे सगळे माझेच.

मी पाणी तपासायचे. महानगरपालिकेची प्रयोगशाळा,
आजव्याच्या पाण्याचे नमुने,
बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख.
एकाच नळाचं पाणी रोज तपासून
शहराच्या पाण्याबद्दल बोलू नये,
हे मी नव्या मुलांना शिकवायचे, दरडावून.

घरी मात्र माझा एकच नळ.
डावा हात गादी अंथरणार,
उजवा तिच्यावर पडून उसासे टाकणार.
शूबर्टचं संथ, शूमानचं संथ,
कुणा अनोळखी माणसाचं त्याहून संथ.
जलद पान आलं की उलटायचे,
उथळ आहे, म्हणायचे.
भीती होती ती. तिला मी खोली म्हणत आले.

त्या रात्री स्वरलिप्यांचं कपाट जमिनीवर रिकामं केलं.
खंडेराव मार्केटातून मी कधी
नुसते बटाटे आणले नाहीत.
कारलं घेते, शेपू घेते नाक मुरडत,
आणि इथे अकरा वर्षं बटाटे.

बाखचं एक काढलं, दोन आवाजांचं,
ज्यात डावा हात नोकर नाही,
उलट उत्तर देणारी धाकटी जाऊ आहे.
हायडनचं एक, मध्येच थांबून
हसलात का, म्हणून बघणारं.
बार्टोकचं दीड पान, सात मात्रांचं.
वाटलं, रूपक कानात आहे, जमेल.
नाही जमलं. रूपकात तीन आधी येतात,
इथे तीन शेवटी, आणि मी रोज
त्या शेवटच्या पायरीवर अडखळते.
एका फ्रेंच बाईंचं, नाव मला उच्चारता येत नाही,
सगळं वरच्या टोकाला.
त्यासाठी बाक सरकवावा लागला,
कोपर खिडकीच्या पडद्याला लागलं,
आणि स्टीलच्या वाटीवर चमचा वाजावा
असा काहीतरी पांढरा आवाज आला
ज्याचं भाडं मी इतकी वर्षं भरत होते
आणि राहत नव्हते.

खालच्या टोकासाठी अजून काही सापडलेलं नाही.
विश्वामित्रीकडून रात्री मालगाडी येते,
तिच्याबरोबर एखादा खर्ज दाबून बघते, एवढंच.

एक संथ ठेवलं.
सुंदर आहे ते, त्याचा काय दोष.

चौथं बोट अजून ऐकत नाही.
बाखमध्ये दोन्ही हातांचं भांडण
खऱ्या भांडणासारखंच
चौथ्या ओळीत विषय विसरतं.
मी पुन्हा वरून सुरू करते.

काल लिफ्टपाशी शेजारच्या रसीलाबेन,
हातात मेथीची जुडी:
"घेर मेमान आव्या छे? कोईक बीजुं वगाडे छे."
मी म्हणाले, "हा. हजी बराबर आवडतुं नथी एने."

गुजरातीत आवडणं म्हणजे जमणं.
तिसरा मजला येईपर्यंत
त्या वाक्याचं मनात मराठी होत गेलं,
आणि मराठीत ते साफ खोटं निघालं.